ताठ कॉलर, उघडे गुडघे: दोन महायुद्धांमधल्या इंग्लिश मुलग्यांचे ठेवणीतले कपडे

सुईदोरा

नाटकांची वेशभूषा करते, त्यामुळे हा विषय बरीच वर्षं डोक्यात आहे. ‘इंग्लिश मुलगा’ म्हटलं की आपल्या रंगमंचावर एकच पोशाख येतो: हाफ पँट, टाय, गोल टोपी. मग तो सात वर्षांचा असो की सतराचा, लॉर्डाचा असो की गिरणी कामगाराचा. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. १९१८ ते १९३९ या काळात तिथल्या मुलाच्या अंगावरच्या कपड्यावरून त्याचं वय, त्याची शाळा आणि बापाची ऐपत रस्त्याच्या पलीकडून कळायची. ते सगळं पुसून टाकलं तर पात्राचं अर्धं बोलणंच गेलं.

एक फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असणार. ९ जुलै १९३७, लंडनचं लॉर्ड्स मैदान, ईटन आणि हॅरो या शाळांची दरवर्षीची मॅच. मैदानाबाहेर टॉप हॅट, वेस्टकोट, कोटाला फूल, हातात काठी अशा थाटात दोन मुलगे उभे आहेत. शेजारी साध्या कपड्यातले, बिनटायचे तीन मुलगे त्यांच्याकडे बघतायत. जिमी साइम या प्रेस फोटोग्राफरनं तो टिपला, दुसऱ्याच दिवशी न्यूज क्रॉनिकलमध्ये छापून आला, आणि तेव्हापासून इंग्लंडमधल्या वर्गभेदावर काहीही लिहायचं झालं की हाच फोटो लावतात. खाली बरेचदा ‘ईटनचे विद्यार्थी’ असं छापतात. ते दोघे हॅरोचे होते.

पण वेशभूषेच्या नजरेनं बघा. हॅरोची मुलं रोज अशी हिंडत नव्हती. त्यांचा रोजचा वेश निळा कोट, राखाडी पँट आणि गवती हॅट. टॉप हॅट रविवारची आणि लॉर्ड्सच्या मॅचची. उरलेले तिघे मात्र सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. शाळा बुडवून ते लोकांच्या पिशव्या उचलत, टॅक्सीची दारं उघडत चार पैसे कमावत होते. म्हणजे त्या फोटोत एका बाजूला सणाचे कपडे आहेत आणि दुसऱ्या बाजूला साध्या, कामाच्या शुक्रवारचे. वर्गभेद खराच होता, पण तो मोजायचा तर दोन्हीकडचे ठेवणीतले कपडे शेजारी ठेवून मोजावा. तसं कुणी करत नाही, म्हणून हा धागा.

आधी वरच्या पायरीवरचं. या काळातला मुलाचा सगळ्यात औपचारिक पोशाख म्हणजे ईटन सूट. कमरेशी संपणारं काळं जॅकेट, रुंद लॅपल (पुढच्या दुमडलेल्या कडा), बटणं न लावता पुढून उघडं. आत वेस्टकोट, काळा टाय, खाली राखाडी किंवा बारीक पट्ट्यांची फुल पँट. आणि या सगळ्यावर मात करणारी ती रुंद, पांढरी, खळ दिलेली कॉलर, जी जॅकेटच्या कॉलरवरून बाहेर पसरते. खुद्द ईटनमध्ये पाच फूट चार इंचांच्या खालचे मुलगे हे जॅकेट घालत, त्याहून उंच झालं की शेपटीचा कोट मिळे. बढती वयावर नव्हती, उंचीवर होती! चौदाव्या वर्षी ताडमाड वाढलेला पोरगा टेलकोटात आणि सोळाचा बुटका अजून आखूड जॅकेटात, असं एकाच वर्गात दिसायचं. कल्पना करा त्या बुटक्याची.

हा सूट ईटनपुरता मात्र राहिला नव्हता. आठ ते तेरा वयाच्या मुलांच्या प्रेप शाळांमध्ये रविवारी, लग्नात, चर्चच्या गायकवृंदात, सगळीकडे तो असे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदातली मुलं आजही शाळेतून चॅपलला जाताना ईटन सूट आणि टॉप हॅटमध्ये जातात.

पहिल्या महायुद्धानंतर त्याची जागा हळूहळू राखाडी फ्लॅनेलच्या सूटनं घेतली. सिंगल ब्रेस्टेड कोट, गुडघ्यापर्यंतची अस्तर लावलेली हाफ पँट, मऊ कॉलरचा शर्ट, शाळेच्या रंगांचा टाय, गुडघ्याखाली दुमडलेले लोकरी मोजे, त्या दुमडीवर शाळेच्या रंगाच्या पट्ट्या. कमरेला इलॅस्टिकचा पट्टा, त्याचा आकडा इंग्रजी एस अक्षरासारख्या सापाचा. माझ्या मते या वीस वर्षांतली खरी गोष्ट हीच आहे: मान मोकळी झाली. ताठ कॉलर गेली, मऊ कॉलर आली. पाय मात्र तेरा-चौदा वर्षांपर्यंत उघडेच राहिले.

बाकीचं प्रतिसादांत लिहू. कुणाकडे भर असेल तर जरूर घाला.

आनंदी

फार सुंदर लिहिलंयस. एक बाळबोध प्रश्न. एवढ्या थंडीत हाफ पँट का? आणि औपचारिक प्रसंगालासुद्धा?

सुईदोरा

आनंदी, बाळबोध अजिबात नाही, मीही इथूनच सुरुवात केली होती. त्या लोकांचा मोकळ्या हवेवर आणि काटकपणावर फार विश्वास होता. थंडीनं पोरगं घट्ट होतं, ही श्रद्धा. त्यात १९०८ पासून बेडन-पॉवेलच्या स्काउट चळवळीनं हाफ पँटला मान मिळवून दिला. त्याआधी ती लहान बाळांची वस्तू होती, स्काउटमुळे ती धाडसी मुलाची झाली. लाट एवढी होती की १९२९ साली लंडनमध्ये पुरुषांच्या पोशाखात सुधारणा करायला एक संघटनाच निघाली. मोठ्या पुरुषांनीही ताठ कॉलर टाकून हाफ पँट घालावी, असं तिचं म्हणणं. डीन इंग यांच्यासारखे सेंट पॉल्स कॅथीड्रलचे मोठे धर्मगुरू तिच्यात होते.

पण औपचारिक प्रसंगाचं कारण वेगळं. फुल पँट ही बढती होती. ती कधी द्यायची हे आईबाप आणि शाळा ठरवणार. लग्नाला जायचंय म्हणून बारा वर्षांच्या मुलाला फुल पँट दिली तर तो मोठा झाला असं जाहीर केल्यासारखं व्हायचं.

जुना बाजार

सुईदोराताई, लेख आवडला, पण या उत्तराशी असहमत. काटकपणा वगैरे वरच्या वर्गाचं बोलणं झालं. साध्या घरात हाफ पँट होती कारण कापड कमी लागतं आणि पोरगं पडलं तर गुडघा आपोआप भरून येतो, पँट भरून येत नाही. बापाची झिजलेली पँट गुडघ्यापाशी कापली की मुलाची हाफ पँट तयार. माझा जुन्या कपड्यांचाच व्यवहार आहे, आणि हे गणित कुठल्याही देशात बदलत नाही.

निरंजन (लीड्स)

दोन्ही बरोबर आहे असं मला वाटतं. एकाच कपड्याला वरच्या घरात तत्त्वज्ञान होतं, खालच्या घरात गरज.

मी राहतो ते लीड्स म्हणजे या काळात तयार सूटांची राजधानी. माँटेग्यू बर्टनचा हडसन रोडवरचा कारखाना तेव्हा युरोपातला सगळ्यात मोठा कपड्यांचा कारखाना समजला जायचा, दहा हजारांच्या आसपास माणसं तिथे काम करायची. शाळा सोडायचं वय होतं चौदा. पोरगा चौदाव्या वर्षी गिरणीत किंवा दुकानात लागला की पहिली फुल पँट, आणि थोडे पैसे साठले की बर्टनकडचा किंवा ‘फिफ्टी शिलिंग टेलर्स’ या दुकानाचा पहिला सूट. पन्नास शिलिंग म्हणजे अडीच पौंड, साध्या मजुराच्या जवळजवळ आठवड्याच्या पगाराएवढे. ईटनचा मुलगा उंचीवर बढती मिळवत होता, लीड्सचा मुलगा नोकरीवर.

सुईदोरानं म्हटलं ना की दोन्हीकडचे ठेवणीतले कपडे शेजारी ठेवा, तर कामगारवस्तीतले ठेवणीतले कपडे असे: गडद रंगाचा कोट आणि हाफ पँट, पॉलिश केलेले बूट, केस पाण्यानं चापून बसवलेले. रविवारी संडे स्कूलला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जाताना घालायचे. आल्यावर लगेच काढायचे, त्यात खेळायला सक्त बंदी. आणि सोमवारी सकाळी आई ते गाठोड्यात बांधून गहाण ठेवायला न्यायची! शनिवारी पगार झाला की सोडवून आणायचे, रविवारी घालायचे, सोमवारी पुन्हा दुकानात. सूट घरात दीड दिवस आणि सावकाराकडे साडेपाच दिवस. उत्तर इंग्लंडच्या गिरणी-गावांमध्ये हे इतकं सर्रास होतं की सोमवारी गहाणाच्या दुकानापुढे बायकांची रांग लागायची. व्याज धरलं तर तो सूट काही वर्षांत दुप्पट किमतीला पडत असणार, पण तरी तो असणं महत्त्वाचं होतं.

वर्षातून एकदा, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिटसनच्या सणाला मुलांना नवे कपडे. मँचेस्टर आणि आसपासच्या गावांत त्या दिवसांत चर्चच्या मोठ्या मिरवणुका निघत. मुलं नवे कपडे घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे दाखवायला जायची आणि शेजारी खिशात एक पेनी टाकायचे. आपल्याकडे नवे कपडे घालून दसऱ्याला सोनं द्यायला जायचो, तसंच. त्या नव्या कपड्यांसाठी वर्षभर बचतीच्या क्लबात आठवड्याला थोडे थोडे पैसे भरलेले असायचे. बेकारी ३० लाखांच्या घरात गेली त्या १९३२-३३ च्या हिवाळ्यातही आयांनी ते हप्ते कसे भरले असतील, याचा विचार केला की गलबलून येतं.

टेम्सकाठ

सुंदर धागा! मी इथे एका संग्रहालयात जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते, ईटन कॉलर हाताळलेल्या आहेत, म्हणून थोडं त्यावर.

पहिली गोष्ट, कॉलर शर्टाला शिवलेली नसते. शर्टाला फक्त उभी पट्टी. मागे मानेवर एक छोटं स्टड (सुटं बटण), पुढे गळ्याशी एक लांब स्टड, त्यांवर कॉलर अडकवायची. त्यामुळे शर्ट दोन-तीन दिवस चालायचा आणि कॉलर रोज नवी. लिननची कॉलर धुऊन, घट्ट खळीत बुडवून, जड इस्त्रीनं चकाकेपर्यंत घासायची आणि गरम असतानाच हातानं गोल वळवायची. खळीत चकाकीसाठी थोडा टाकणखार घालत. नीट झालेली कॉलर बोटानं टिचकी मारली की पुठ्ठ्यासारखी वाजते. जुन्या कॉलरी उलट्या करून पाहिल्या तर आतल्या घडीवर बारीक तंतू तुटलेले दिसतात, तीच धार मुलाच्या मानेला लागायची.

गरीब घरात सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, कॉलर असायची. ओल्या फडक्यानं पुसली की स्वच्छ, धोबी नको, खळ नको. लांबून फरक कळत नाही, पण जवळून तिला एक पिवळट झाक येते. शिवाय सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, त्यामुळे शेकोटीशी जपून बसावं लागे.

आणि एक गंमत. आपल्याकडच्या रॉबिन निळीची रेकिट कंपनी मुळात इंग्लंडमधल्या हल शहरातली. आयझॅक रेकिटनं १८४० साली तिथे खळीचाच कारखाना घेतला होता, नीळ नंतर आली.

आनंदी

टिचकीचा आवाज काय सुंदर टिपलात! आता मला ती कॉलर हातात घेऊन बघायची आहे.

अक्षरनाद

सगळे छान लिहितायत. मला एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते, कारण कपड्यांच्या सौंदर्यात ती हरवते.

त्या काळात सरकारी प्राथमिक शाळांत गणवेशाची सक्ती नव्हती. पण अकराव्या वर्षी स्कॉलरशिपची परीक्षा पास झाली की ग्रामर स्कूल या निवडक माध्यमिक शाळेत जागा मिळायची, आणि तिथे टोपी, ब्लेझर, टाय, खेळाचे कपडे, बूट अशी यादी घरी यायची. ग्रामर शाळांनी पब्लिक स्कूलची, म्हणजे ईटन-हॅरोसारख्या महागड्या खाजगी शाळांची, नक्कल केलेली होती. फी माफ व्हायची, पण कपड्यांचा खर्च घरच्यांवर. कित्येक हुशार मुलांनी परीक्षा पास होऊनही जागा नाकारली, कारण आईबापांना ती यादी परवडणार नव्हती. ज्यांना परवडली, त्यांच्या घरातल्या धाकट्यांनी काय काय सोडलं असेल! एका टोपीनं मुलाचं पुढचं आयुष्य अडवलं जात होतं. मुलाची बुद्धी कुणी नाकारली नव्हती, त्याचा पोशाख आड आला. याचा मला आजही संताप येतो.

आणि त्याच्याही खालची पायरी होती. लिव्हरपूल, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत पोलिसांच्या मदतीनं चालणाऱ्या संस्था अनवाणी मुलांना बूट आणि कपडे देत. त्या कपड्यांवर खूण केलेली असायची, म्हणजे गहाणाच्या दुकानदारानं ते घेऊ नयेत. त्यामागचा हिशोब समजतो, पण शाळेत ती खूण इतर मुलांनाही कळायचीच.

निरंजन (लीड्स)

अक्षरनाद, +१. स्कॉलरशिप नाकारावी लागल्याच्या आठवणी इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मीही ऐकल्या आहेत. सांगताना परीक्षेच्या मार्कांपेक्षा ब्लेझरची किंमत त्यांना नेमकी आठवते.

जुना बाजार

हे वाचून गप्प झालो. उत्तम भर घातलीत.

राजापूरकर

थोडा आपल्याकडचा धागा जोडतो.

इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची मुलं सात-आठ वर्षांची झाली की ‘घरी’, म्हणजे इंग्लंडला, बोर्डिंगला पाठवायचा रिवाज होता. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पी अँड ओच्या बोटीत बसायचं. शाळेची कपड्यांची छापील यादी आधीच आलेली असायची: शर्ट किती, मोजे किती, रविवारचा सूट, टोपी, सगळं. प्रत्येक कपड्यावर, अगदी प्रत्येक मोज्यावर मुलाच्या नावाची विणलेली पट्टी शिवायची. कॉव्हेंट्रीच्या कॅश कंपनीच्या या पट्ट्या प्रसिद्ध होत्या, पांढऱ्या फितीवर बहुधा लाल अक्षरं. पुढची काही वर्षं जे मूल दिसणार नाही, त्याच्या मोज्यांवर आई नाव शिवत बसलेली. त्या कपड्यांच्या यादीत मला ते सगळ्यात जड वाटतं.

आणि तुमचा तो लॉर्ड्सचा फोटो. टॉप हॅटवाल्या दोघांपैकी एकाचे वडील सैन्यात अधिकारी होते, हिंदुस्थानात नेमणुकीवर. मुलगा आईवडिलांकडे आला आणि ऑगस्ट १९३८ मध्ये, फोटोनंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, घटसर्पानं गेला. सिकंदराबादच्या त्रिमुलघेरी छावणीत. साध्या कपड्यातले ते तिघे मात्र पुढे दीर्घ आयुष्य जगले. वर्गभेदाचं प्रतीक म्हणून तो फोटो छापताना हे कुणी सांगत नाही.

मराठी राजघराण्यांपैकी इंदूरचे यशवंतराव होळकर (जन्म १९०८) इंग्लंडमध्ये चीम आणि चार्टरहाउस या शाळांत आणि पुढे ऑक्सफर्डला शिकले. १९२९ साली फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मोंव्हेल यानं त्यांचं काळ्या इव्हिनिंग ड्रेसमधलं पूर्णाकृती चित्र काढलं, आणि काही वर्षांनी त्याच चित्रकारानं शुभ्र मराठा पोशाखातलं. दोन्ही शेजारी ठेवून बघा. कोट अंगावर असा बसलेला माणूस तो कोट लहानपणापासून घालत आलेला असतो.

सुईदोरा

राजापूरकर, सिकंदराबादचं वाचून काटा आला. त्या मुलाच्या हॅटकडे आता मी पूर्वीसारखी बघू शकणार नाही.

होळकरांच्या चित्राबद्दलचं निरीक्षण शंभर टक्के पटलं. आमच्या नटांना हेच सांगावं लागतं: कोट तालमीत घाला, फक्त प्रयोगाला नको.

टेम्सकाठ

कपड्यांमधला मान-अपमान शाळेच्या आतही होताच. ईटनमध्ये ‘पॉप’ नावाच्या निवडक मोठ्या मुलांच्या मंडळाला हव्या त्या रंगाचा, नक्षीचा वेस्टकोट घालायची मुभा, इतरांना नाही. कित्येक शाळांत पहिल्या वर्षाच्या मुलानं कोटाची सगळी बटणं लावायची, दुसऱ्या वर्षी एक उघडं चालेल, असे अलिखित नियम. बाहेरच्याला सगळे एकसारखे दिसायचे आणि आत प्रत्येक बटण बोलत असायचं.

याच्या उलट टोकाला क्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा. १५५२ साली लंडनच्या गरीब मुलांसाठी सुरू झाली, १९०२ पासून ससेक्समध्ये हॉर्शमजवळ आहे. तिथली मुलं तेव्हाही आणि आजही घोट्यापर्यंतचा निळा झगा, कमरेला चामडी पट्टा आणि पिवळे मोजे घालतात. ट्यूडर काळातला गरिबांचा वेश, आणि आता तो इंग्लंडमधल्या सगळ्यात मानाच्या गणवेशांपैकी एक आहे.

गोधडी

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या मंडळाच्या एकांकिकेत १९३५ सालचं इंग्लंडमधलं लग्न आहे. तीन मुलगे: पाच, अकरा आणि पंधरा वर्षांचे, सुखवस्तू घरातले. बजेट अगदी बेताचं. काय घालू त्यांना?

सुईदोरा

गोधडी, स्वागत! पाच वर्षांच्याला खलाशी सूट शिव. पांढरं कापड, मागे चौकोनी पडणारी निळी कॉलर, तिच्यावर पांढऱ्या फितीच्या तीन ओळी. १८४६ साली विंटरहाल्टरनं व्हिक्टोरिया राणीच्या मुलाचं खलाशी वेशातलं चित्र काढलं तेव्हापासून ही फॅशन टिकून होती, १९३५ मध्येही लहान मुलांना लग्नात हमखास घालत. मखमलीची पँट आणि रेशमी शर्टही चालेल, पण आपल्या दिव्यांखाली मखमल घालून मूल रडेल.

अकराच्याला राखाडी फ्लॅनेल सूट आणि हाफ पँट. फ्लॅनेल न मिळाल्यास टेरिवूल घे, पण चकाकणारं घेऊ नकोस. पँट गुडघ्याला टेकली पाहिजे, आजच्यासारखी मांडीपर्यंत नको. घर जुन्या वळणाचं दाखवायचं असेल तरच ईटन सूट, तोही याच मुलाला. पंधराच्याला फुल पँटचा गडद सूट, मऊ कॉलर, वेस्टकोट. वेस्टकोटचं शेवटचं बटण उघडं ठेवायला सांग. तिघे शेजारी उभे राहिले की कुणी काही न बोलता वयाची उतरंड प्रेक्षकांना दिसेल.

टेम्सकाठ

ईटन कॉलर करायची झाली तर कॅनव्हासच्या दोन थरांवर पांढरं सुती कापड चिकटवून घ्या, बाहेरची कड गोलसर कापा, रुंदी तीन इंचांच्या आसपास ठेवा. प्लॅस्टिक नको, दिव्यांत चमकतं. मानेच्या आतल्या कडेला मऊ मलमलची पट्टी लावा. पूर्वीच्या पोरांची मान सोलायची, आपल्या पोरांची नको.

गोधडी

दोघींचे मनापासून आभार. मोज्यांना इलॅस्टिक कुठे लावायचं? दुमडीच्या आत की बाहेर?

टेम्सकाठ

आत. गुडघ्याच्या जरा खाली इलॅस्टिकचा गार्टर चढवायचा आणि मोजा त्याच्यावरून खाली दुमडायचा, म्हणजे गार्टर झाकला जातो. अकरा वर्षांच्याचा एक मोजा दुसऱ्या अंकात घोट्यावर घसरू द्या. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुप फोटोत असा एक तरी मुलगा सापडतो.